घन सोडियम बॅटरीचे इलेक्ट्रोड : वर्गात आणि पारावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दर्यापूर तालुक्यात बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी वावरात असतो. गेल्या खरिपात ऐन फवारणीत आमच्या पाठीवरच्या पंपाची बॅटरी बसली. कूस फुगलेली, टर्मिनलवर पांढरट-निळसर खार चढलेला, दोन टाक्या मारल्या की पंपाचा आवाज बारीक व्हायचा. ती बॅटरी मी वर्गात टेबलावर आणून ठेवली आणि तेव्हापासून प्रश्न थांबलेले नाहीत. मुलं विचारतात, त्यांचे वडील विचारतात, संध्याकाळी पारावर बसलेली मंडळी विचारतात. तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

सर, सोडियम बॅटरी म्हणजे मिठाचीच बॅटरी ना?

मिठातलं सोडियम आणि बॅटरीतलं सोडियम मूलद्रव्य म्हणून एकच. पण बॅटरीत मीठ भरलेलं नसतं. सोडियमचा आयन, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेला अणू, एका इलेक्ट्रोडातून निघून दुसऱ्यात जाऊन बसतो. चार्ज करताना तो धन बाजूकडून ऋण बाजूकडे जातो, पंप चालवताना परत येतो. तेवढ्या वेळात इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरतो आणि मोटर फिरवतो. सगळी बॅटरी म्हणजे ही ये-जा. इलेक्ट्रोड म्हणजे आयनाची दोन्हीकडची घरं आणि इलेक्ट्रोलाइट म्हणजे मधली वाट.

मग ‘घन’ कशाला म्हणतात? बॅटरी तर घनच असते.

बाहेरून घन दिसते, पण आत मधली वाट ओली असते. आपल्या पंपाच्या शिशाच्या बॅटरीत गंधकाम्ल असतं. मोबाइलच्या बॅटरीत पेट घेणारा सेंद्रिय द्रव असतो. घन बॅटरीत ही वाटसुद्धा दगडासारखी किंवा दाबलेल्या भुकटीसारखी असते आणि तरी तिच्यातून आयन सरकतो.

ही कल्पना जुनी आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत याओ आणि कुमर यांनी दाखवलं की बीटा-अ‍ॅल्युमिना नावाच्या सिरॅमिकमधून सोडियम सहज धावतो. त्यावरून सोडियम-गंधक बॅटरी झाली. पण ती चालवायला आत ३०० अंशांच्या वर तापमान ठेवावं लागतं आणि त्या तापमानाला दोन्ही इलेक्ट्रोड वितळलेले असतात. म्हणजे वाट घन आणि घरं पातळ. १९७६ मध्ये हाँग आणि गुडइनफ यांनी ‘नॅसिकॉन’ घराण्याची संयुगं पुढे आणली. त्यांत झिर्कोनियम, सिलिकॉन, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा सांगाडा असतो आणि त्यातल्या बोगद्यांमधून सोडियम चालतो. हे गुडइनफ म्हणजे लिथियम बॅटरीच्या कामासाठी २०१९ चं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी एक. आज ध्येय असं आहे की वाटही घन, दोन्ही घरंही घन, आणि काम साध्या हवेच्या तापमानाला. वाट बऱ्यापैकी सापडली आहे, पण घरांचा प्रश्न अजून उभा आहे.

लिथियम बॅटरीत ग्रॅफाइट असतो. सोडियमले तो काहून चालत नाही?

पुस्तकात एका ओळीत उत्तर असतं की सोडियमचा आयन मोठा आहे म्हणून. आकडेही तसेच आहेत. लिथियमच्या आयनाची त्रिज्या ०.७६ अँगस्ट्रॉम (सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम), सोडियमच्या आयनाची १.०२. पण मी मुलांना एवढ्यावर थांबू देत नाही. पोटॅशियम सोडियमहूनही मोठा असतो आणि तो मात्र ग्रॅफाइटात छान शिरतो. खरं कारण असं की सोडियम आणि ग्रॅफाइट यांचं लिथियमसारखं भरगच्च संयुग स्थिर राहत नाही. आकार हा त्यातला एक भाग झाला.

म्हणून सोडियमसाठी ‘हार्ड कार्बन’ वापरतात. ग्रॅफाइटात कार्बनचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक नीट रचलेले असतात. हार्ड कार्बनमध्ये तीच पानं चुरगाळून पोत्यात कोंबल्यासारखी असतात. मधे मधे बारीक पोकळ्या राहतात आणि सोडियम त्यांत आणि पानांच्या फटींत बसतो. २००० साली स्टीव्हन्स आणि डान यांनी ग्लुकोज हवेशिवाय भाजून असा कार्बन केला आणि एका ग्रॅममध्ये सुमारे ३०० मिलिअँपिअर-तास (विजेच्या साठवणीचं माप) साठवून दाखवले. ग्रॅफाइटात लिथियमची सैद्धांतिक मर्यादा ३७२ आहे, म्हणजे फार मागे नाही.

कापसापासून आणि पऱ्हाटीपासून, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडापासून, इलेक्ट्रोड होतो म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेला, म्हणून सविस्तर सांगतो.

२०१६ मध्ये बीजिंगच्या संशोधकांनी साधा कापूस १३०० अंशांना, ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत भाजला. कापसाचा तंतू मुळात पोकळ असतो. जळून कार्बन झाल्यावरही तो पोकळ नळीच्या रूपात राहिला आणि त्या नळ्यांनी एका ग्रॅमला ३१५ मिलिअँपिअर-तास सोडियम साठवला. आपल्या बोंडातला तंतू भिंगाखाली बघा. पिळलेली चपटी फीत दिसते. ती फीत म्हणजे वाळून बसलेली नळीच.

पण हिशेब करू. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज आणि सेल्युलोजच्या वजनात कार्बन ४४ टक्क्यांच्या आसपास. त्यातलाही बराच भाग भाजताना वायू होऊन जातो. जो कापूस वेचायला माणूस मिळत नाही, तो भट्टीत घालणं कोणाला परवडेल? म्हणून माझा जीव पऱ्हाटीत गुंतला आहे. उलंगवाडी झाली, म्हणजे वेचणी संपली, की पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचतात, चुलीत जाते किंवा पेटवून देतात. गुलाबी बोंडअळीमुळे ती वावरातून वेळेत काढावीच लागते. तो माल दरवर्षी हमखास निघणारा आहे.

अडचणी दोन. पऱ्हाटीत राख असते, म्हणजे पोटॅशियम, कॅल्शियम, सिलिका, आणि ती आम्लाने धुऊन काढावी लागते, नाहीतर इलेक्ट्रोड बिघडतो. दुसरं, १२००-१४०० अंश ताव आणि तोही नायट्रोजन किंवा अरगॉनच्या वातावरणात. आपल्या वीटभट्टीला एवढा ताव येत नाही आणि तिथे हवा मोकळी असते. घरी पिंपात पऱ्हाटी कोंडून जाळली तर बायोचार मिळेल, जमिनीत घालायला चांगला. त्याला हार्ड कार्बन म्हणता येणार नाही. कोणी ‘घरबसल्या बॅटरीचा कार्बन बनवा’ म्हणून प्रशिक्षणाचे पैसे मागितले तर देऊ नका.

आणि एक खोच, जी बातमीत येत नाही. हे आकडे ओल्या इलेक्ट्रोलाइटमधले आहेत. घन बॅटरीत तोच हार्ड कार्बन गंधकयुक्त इलेक्ट्रोलाइटला चिकटून बसला की इलेक्ट्रोलाइट स्वतःच खराब व्हायला लागतो. इलेक्ट्रोड चांगला की वाईट, हे तो कोणाच्या शेजारी बसला आहे यावर ठरतं.

सोडियम धातूच का लावत नाहीत? सगळा सोडियमच सोडियम!

वजनाच्या हिशेबात ते सर्वोत्तम. सोडियम धातू ग्रॅमला ११६६ मिलिअँपिअर-तास देतो, म्हणजे हार्ड कार्बनच्या जवळजवळ चौपट.

आमच्या प्रयोगशाळेत केरोसीनच्या बाटलीत सोडियमचे तुकडे आहेत. चिमट्याने एक काढून सुरीने कापला की सुरी खव्यात शिरावी तशी शिरते. कापलेली बाजू चांदीसारखी चमकते आणि मुलं ‘अरे वा’ म्हणेपर्यंत करडी होऊन जाते. हवेतल्या ओलाव्याने आणि ऑक्सिजनने तेवढ्यात तिच्यावर थर चढवलेला असतो. पाण्यात टाकला तर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

मऊपणा हा गुण आहे, कारण मऊ धातू सिरॅमिकवर दाबून बसवता येतो. पण बॅटरी चालली की सोडियम तिथून निघून जातो आणि सांध्यावर पोकळी सोडतो. दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिअँपिअर-तास एवढाच व्यवहार झाला तरी जवळपास ९ मायक्रॉन जाडीचा सोडियम निघतो किंवा चढतो. पोकळी झाली तिथे वीज वाहत नाही, म्हणून उरलेल्या ठिकाणी तिची गर्दी होते. पुढच्या चार्जिंगला सोडियम त्या गर्दीच्या जागी जास्त चढतो, सिरॅमिकच्या बारीक भेगेत मुळासारखा शिरतो आणि पलीकडच्या इलेक्ट्रोडला जाऊन भिडतो. झालं शॉर्टसर्किट. दगडातून एवढा मऊ धातू कसा जातो असं मला विचारतात. पिंपळाचं मूळही मऊच असतं, तरी भिंत फोडतं.

यावर तोडगे शोधणं चालू आहे. सोडियमऐवजी सोडियम-कथिलाचा मिश्रधातू वापरतात. तो इलेक्ट्रोलाइटला कमी त्रास देतो, पण पूर्ण भरला की मूळ कथिलाच्या आकारमानात ४२० टक्के वाढ होते. दुसरी वाट मला फार आवडते. चार्ज करण्याआधी ऋण बाजूला काहीच ठेवायचं नाही, फक्त वीज गोळा करणारा पत्रा. पहिल्या चार्जिंगला सोडियम धन बाजूकडून येऊन तिथे बसेल. २०२४ मध्ये शिकागो आणि सॅन दिएगोच्या संशोधकांनी पत्र्याऐवजी दाबलेली अ‍ॅल्युमिनियमची भुकटी वापरून अशी घन सोडियम बॅटरी काही शे वेळा चालवून दाखवली. भुकटी इलेक्ट्रोलाइटला सगळीकडून बिलगते, हा त्यातला मुद्दा. शिवाय सोडियम अ‍ॅल्युमिनियमशी मिश्रधातू करत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना स्वस्त अ‍ॅल्युमिनियम चालतं. लिथियमला ऋण बाजूला तांबं लागतं.

धन बाजूला काय वापरतात?

तीन घराणी लक्षात ठेवली तरी पुरे.

पहिलं थरांच्या ऑक्साइडचं. लोह, मँगनीज, निकेल अशा धातूंच्या ऑक्साइडचे थर आणि मधल्या फटींत सोडियम. आपल्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे पूर्णेकाठच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातल्या, शेतकऱ्याला हे लगेच समजतं. आपली काळी माती मुळात चिकणमातीच्या पातळ थरांची आणि थरांच्या मधे आयन बसलेले. पूर्णेच्या खोऱ्यात तिथे सोडियम जास्त बसला, म्हणून माती पाण्यात विरघळल्यासारखी होते, पाणी खाली मुरत नाही आणि आपण जिप्सम टाकून सोडियमला कॅल्शियमने हुसकावतो. इलेक्ट्रोडात रसायन वेगळं आहे, पण थर, फट, आत येणारा आणि बाहेर जाणारा सोडियम हे चित्र तेच. यात साठवण भरपूर. दोष असा की हवा दमट असली की सोडियम बाहेर येऊन पृष्ठभागावर सोड्याचा थर धरतो. सोडियम क्रोमियम ऑक्साइड हा त्याच घराण्यातला. सुमारे ३ व्होल्टचा आणि घन बॅटरीत सालस. २०२१ मध्ये क्लोराइडच्या घन इलेक्ट्रोलाइटसोबत तो हजारावर वेळा चार्ज-डिस्चार्ज झालेला आहे.

दुसरं फॉस्फेटचं. सोडियम व्हॅनेडियम फॉस्फेट ग्रॅमला ११७ मिलिअँपिअर-तास देतो, सुमारे ३.४ व्होल्टला. साठवण कमी, पण त्याचा सांगाडा नॅसिकॉनचाच, म्हणजे घर आणि वाट एकाच घराण्यातली. एवढंच नाही, तोच पदार्थ ऋण बाजूलाही सुमारे १.६ व्होल्टला काम करतो. दोन्हीकडे तोच लावला तर १.८ व्होल्टची बॅटरी होते. व्हॅनेडियम महाग आणि विषारी आहे, म्हणून लोहाच्या फॉस्फेटकडे माझं जास्त लक्ष असतं. आपल्याला लागणारी बॅटरी लोहाचीच असावी, असं माझं ठाम मत आहे.

तिसरं प्रशियन ब्लूचं, पूर्वी निळे नकाशे ज्या रंगात निघत तो. लोह स्वस्त, करायला सोपं. पण त्याच्या जाळीत पाणी अडकलेलं असतं आणि घन बॅटरीत पाण्याचा थेंबही चालत नाही.

इतकं सगळं सापडलं आहे, मग अडलं कुठं?

सांध्यात.

उन्हाळ्यात आपलं वावर बघा. मृगात भिजून फुगलेली माती मे महिन्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. काळ्या मातीवर बांधलेल्या घराची भिंत तडकते ती याचमुळे. खालची जमीन हलते, वरची भिंत हलत नाही. घन बॅटरीत तेच होतं. सोडियम आत आला की इलेक्ट्रोडाचा कण फुगतो, गेला की आकसतो. व्हॅनेडियम फॉस्फेटात हा फरक ८ टक्क्यांच्या आसपास आहे. ऐकायला थोडा वाटतो. पण शेजारी सिरॅमिकचा कण आहे, जो केसभरही सरकत नाही. शंभर-दोनशे वेळा हे झालं की दोघांत फट पडते. ओल्या बॅटरीत द्रव त्या फटीत जाऊन भरतो. घन बॅटरीत भरणारं कोणी नाही. फट पडली की तो कण सोडियमने भरलेला असूनही कायमचा एकटा पडतो.

म्हणून घन बॅटरीचा धन इलेक्ट्रोड एका पदार्थाचा नसतो. सोडियम साठवणारा कण, आयनाला वाट देणारी घन इलेक्ट्रोलाइटची भुकटी आणि इलेक्ट्रॉनला वाट देणारा कार्बन, असं तिन्हींचं मिश्रण दाबून करतात. कार्बन जास्त झाला तर तो इलेक्ट्रोलाइटला बिघडवतो, कमी पडला तर वीज पोचत नाही. प्रयोगशाळेत असे सेल अनेकदा चौरस सेंटिमीटरला शेकडो किलो दाबाखाली धरून चालवतात. कागदावर आलेला उत्तम आकडा त्या शिकंज्यात मिळालेला असतो. फवारणी पंपात तेवढा शिकंजा कुठे बसवणार? मुलांनी कोणतीही बातमी वाचली की मी पहिला प्रश्न विचारतो, ‘दाब किती होता?’

सिरॅमिक आणि इलेक्ट्रोड एकत्र भाजून जोडावेत म्हटलं, तर नॅसिकॉनला १२०० अंशांच्या आसपास ताव लागतो. त्या तावात दोघांची आपसात प्रक्रिया होऊन मधे तिसराच, वीज अडवणारा थर तयार होतो. गंधकाचे इलेक्ट्रोलाइट मऊ असतात, नुसत्या दाबाने बसतात आणि त्यांतून सोडियम वेगाने जातो. पण दमट हवा लागली की त्यांतून हायड्रोजन सल्फाइड निघतो, सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू. धन बाजूच्या जास्त व्होल्टेजलाही ते टिकत नाहीत. म्हणून इलेक्ट्रोडाच्या प्रत्येक कणावर पातळ लेप देणं किंवा धन बाजूला क्लोराइड आणि ऋण बाजूला दुसरं काही असा दुहेरी इलेक्ट्रोलाइट वापरणं, हे काम सध्या जोरात चालू आहे.

आमच्या उन्हात टिकेल का?

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि टिनाच्या खोलीत त्याहून जास्त. शिशाच्या बॅटरीचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंश वाढलं की आयुष्य निम्मं. घन इलेक्ट्रोलाइटचं उलट आहे. तापमान वाढलं की आयन जास्त सहज सरकतो. सोडियम धातू ९८ अंशांना वितळतो, तोवर भरपूर जागा आहे. म्हणजे इतर ठिकाणी जी अडचण, ती आपल्याकडे थोडी मदतच करेल. मला या बॅटरीची आस लागली आहे ती मुख्यतः या कारणाने.

खारपाणपट्ट्याच्या पाण्यातून सोडियम काढता येईल? लोणारचं काय?

आपल्या बोअरचं पाणी पिकाला खारट आहे, पण कारखान्यासाठी फार पातळ. गुजरातच्या मिठागरांत उन्हावर मीठ इतकं स्वस्त होतं की हे पाणी आटवणं परवडणार नाही. इलेक्ट्रोडासाठी बहुतेक सोडियम कार्बोनेट लागतं आणि ते मीठ आणि चुनखडीपासून होतं. लोणारच्या सरोवरातून पूर्वी खार काढत, हे आजोबांनी सांगितलेलं खरं आहे. आता ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथला खार तिथेच राहू द्यावा.

आज विकत मिळते का?

घन सोडियम बॅटरी आपल्या बाजारात मिळत नाही. जी सोडियम बॅटरी येऊ लागली आहे ती ओल्या इलेक्ट्रोलाइटची. चीनच्या सीएटीएल कंपनीने २०२१ मध्ये किलोला १६० वॉट-तासांचा सेल जाहीर केला. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने २०२३ च्या डिसेंबरात आपलं सोडियम तंत्रज्ञान जाहीर केलं. आपल्या पंपाला १२ व्होल्ट ८ अँपिअर-तास, म्हणजे ९६ वॉट-तास लागतात. किलोला १२० धरले तरी ८०० ग्रॅमचे सेल झाले. शिशाची बॅटरी अडीच किलोच्या घरात. दिवसभर पाठीवर १५-१६ लिटर पाणी वागवणाऱ्या माणसाला हा फरक कळतो.

एका दुकानात मला ‘सॉलिड सोडियम’ असं स्टिकर लावलेली बॅटरी दाखवली. पैसे दिले, घरी आणून उघडली, तर आत लिथियम लोह फॉस्फेटचे सेल निघाले. वाईट वाटलं ते सतराशे रुपयांचं नाही, तर माझ्या आधी किती जणांनी घेतली असेल याचं. ओळखायची खूण अशी. लहानसा बल्ब लावून बॅटरी उतरू द्या आणि दर अर्ध्या तासाला एका सेलचा व्होल्टेज मल्टिमीटरवर लिहा. लिथियम लोह फॉस्फेट बराच वेळ ३.२ च्या आसपास सपाट राहतो. हार्ड कार्बनचा सोडियम सेल उतारावरून गाडी यावी तसा हळूहळू खाली येत राहतो.

आग लागायची भीती नाही ना?

पेटणारा द्रव नाही, म्हणून भीती कमी. पण आत सोडियम धातू असेल तर फुटलेल्या बॅटरीवर पाणी मारायचं नाही. कोरडी वाळू टाकायची.

बारावीनंतर यात काम करायचं आहे. कुठे जाऊ?

रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा धातुशास्त्र, तिन्हींतून वाट आहे. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, पुण्याची आयसर, तामिळनाडूत कराईकुडीची केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था इथे बॅटरीवर काम चालतं. नागपूरला व्हीएनआयटी जवळच आहे. इंग्रजी कच्चं आहे म्हणून मागे राहू नका. फुगणं-आकसणं काय असतं हे काळ्या मातीत वाढलेल्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही.

तोवर घरी काही करून बघता येईल का?

येईल. सोडियमला हात लावायचा नाही. हार्डवेअरच्या दुकानातून कुलपात घालतात ती ग्रॅफाइटची पावडर आणा. रिकाम्या बॉलपेनच्या नळीत बोटभर भरा आणि दोन्ही टोकांना नळीत सैल जाणारे दोन खिळे घाला. मल्टिमीटर रोधावर ठेवून पिना खिळ्यांना लावा आणि आकडा वहीत लिहा. आता दोन्ही खिळे अंगठ्याने आत दाबा. आकडा झरकन खाली येतो. सोडा, पुन्हा चढतो. पावडर तीच, नळी तीच, फक्त कण एकमेकांना कमी-जास्त भिडले. दहा वेळा दाबा आणि सोडा, दर वेळी आकडा लिहा, आणि दहावा आकडा पहिल्याएवढाच येतो का ते मला येऊन दाखवा.